बाबा कोणाला ओळखतात

११ फेब्रुवारी

चिंगे,

आशीर्वाद, खुशाली वगैरे वर लिहिलंय असं समज. पत्र लिहितेय कारण फोनवर तू रडतेस, तू रडलीस की मी ओरडते, आणि मुद्दा राहतो बाजूला. कागदावर खुशाल रड, मला दिसत नाही.

तुझं पाकीट मिळालं. आई गेली तेव्हा मी परिषद अर्धी सोडून आले नाही म्हणून तू मला पत्र लिहिणं सोडलंस, त्यानंतरचं हे पहिलंच. वाटलं, आत भांडण असेल. निघाली कात्रणं. बाबांचं विसरणं वाढलंय म्हणून दादा त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं म्हणतो. तू त्याला वृद्धाश्रम म्हणतेस. म्हण. तुला ते नको आहे, आणि दादाने सांगितलंय, 'ताई यातली प्रोफेसर आहे, ती म्हणेल तसं करू.' आपला दादा टायर विकता विकता स्वतःच टायर झालाय, ज्याने ढकललं त्याच्या दिशेने जातो. म्हणून आता तू मला पटवायला 'संशोधन' गोळा केलं आहेस.

तर तुझं संशोधन. पहिलं कात्रण रविवारच्या पुरवणीतलं, 'आपल्या माणसांतलं म्हातारपण.' लिहिणारे एक निवृत्त गृहस्थ. त्यांनी कोणाला विचारलं? कोणालाच नाही. त्यांना तसं वाटतं. दुसरं, एका डॉक्टरांच्या व्याख्यानाचं टिपण. डॉक्टर मोठे आहेत, पण मोठ्या माणसाचं मतसुद्धा मतच असतं. तिसरं एका पुस्तकातलं प्रकरण. त्यात पन्नास अभ्यासकांची नावं आहेत आणि लेखक स्वतः एकाही म्हाताऱ्याच्या दारात गेलेला नाही. इतरांचं वाचून त्याने विचार केला. वाईट नाही ते, पण तुला जे हवंय ते हे नव्हे.

पहिल्या वर्षाच्या पोरांना मी पहिल्या तासाला जे सांगते तेच तुला सांगते. एम्पिरिकल, म्हणजे अनुभवाधारित संशोधन ओळखायचं असेल तर शीर्षकाला भुलायचं नाही. आत जायचं. कोणी स्वतः जाऊन काही पाहिलंय का, विचारलंय का, मोजलंय का? ज्यांना विचारलं ती माणसं, आमच्या भाषेत 'नमुना', कोण, कशी निवडली, हे लिहिलंय का? काय आणि कसं विचारलं, तेही? म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाला तेच करून बघावंसं वाटलं तर बघता यावं. मग काय सापडलं ते एका जागी, आणि त्याचा अर्थ काय ते वेगळ्या जागी. हे नसेल तर तो लेख असेल, निबंध असेल, गळा काढणं असेल.

तुझं पत्र शेवटच्या प्रकारात बसतं. 'घर सुटलं तर बाबा संपतील, मला माहीत आहे.' कसं माहीत आहे? 'ते मला रोज ओळखतात.' कशावरून? तू शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून इतकी वर्षं त्यांच्या उशाशी बसलीस म्हणून तुझं मत पुरावा ठरत नाही. उलट तू पक्षपाती ठरतेस. आमच्याकडे असा साक्षीदार आम्ही आधी बाजूला काढतो.

मेमध्ये मी दादाला माझं मत कळवीन. तोवर शोध. तुमच्या तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात बाहेरच्यांना बसू देतात. चप्पल वाजवत जाऊ नकोस.

ताई


१९ मार्च

चिंगे,

तुझ्या पत्रातले ग्रंथपाल मला आवडले. डोक्यावर चष्मा ठेवून टेबलाखाली चष्मा शोधणारा माणूस दुसऱ्याचे संदर्भ काय शोधून देणार असं वाटलं होतं, पण त्यांनी तुला सरळ रस्ता दाखवला. 'म्हातारी माणसं आणि प्रेम' असं टाकल्यावर दोन कादंबऱ्या आणि एक गाण्यांची तबकडी निघाली, हे वाचून मी स्टाफरूममध्ये हसले. शेजारच्या अर्थशास्त्रवाल्याने विचारलं, कोणाचं पत्र? मी म्हटलं, एका विद्यार्थिनीचं.

आता शब्द बदलायला शिकली आहेस. 'स्मृतिभ्रंश', 'स्थलांतर', 'निवासी काळजी', आणि त्यांच्या जोडीला 'सर्वेक्षण' किंवा 'मुलाखती'. बरोबर. सारांश आधी वाचायचा, हेही बरोबर. लाल पेन्सिलीने 'इथे नमुना आहे', 'इथे पद्धत आहे' असं समासात लिहिलंयस, त्यावरून तू खरंच वाचलंस हे दिसतं. अक्षर अजून शाळेतल्या फळ्यावरचंच आहे.

पण पाठवलेल्या चार शोधनिबंधांपैकी दोन गेले. एक आढावा आहे, दुसऱ्यांच्या अभ्यासांची बेरीज. एक नुसता सिद्धांत आहे. उरलेले दोन अनुभवाधारित खरे, पण एकात सगळी मिळून अकरा माणसं. अकरा माणसं तर आपल्या लग्नाकार्यात एकाच खोलीत झोपायची. आणि दुसऱ्यात विचारलंय कोणाला, तर घरच्यांना. 'तुमचे वडील घरी सुखी आहेत का?' नाही कोण म्हणेल? तू म्हणशील?

आणि परत ते ओळखण्याचं. म्हणे बाबा सकाळी तुझं मनगट धरून नाडी बघतात आणि अंघोळीला येणाऱ्या मावशींना विचारतात, 'चारा नीट खाते ना?' अगं, जन्मभर जनावरांचे डॉक्टर होते ते. हात पुढे आला की नाडी बघणार. खाटेच्या पायाला हात लागला तर त्याचीही बघतील. त्याला ओळखणं म्हणत नाहीत.

तुला खात्री आहे ना? मग तपासून बघ. दहा दिवस सकाळी बाबांचा चहा झाला की तू दारात येऊन उभी राहा. बोलायचं नाही, हसायचं नाही, हात पुढे करायचा नाही. मावशींनी विचारायचं, 'बाबा, या कोण?' त्यांच्या तोंडून पहिला जो शब्द निघेल तो जसाच्या तसा लिहायचा. चुकले तर सुधारायचं नाही. रोज तीच वेळ, तोच प्रश्न.

तुझं म्हणणं खरं असेल तर तुला भ्यायचं कारण नाही.

ताई


९ एप्रिल

चिंगे,

नाही. थांबवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी ते रडले, हे वाचलं. 'परीक्षा आहे का? माझा अभ्यास नाही झाला' असं म्हणाले, हेही वाचलं. त्यांना वाईट वाटलं म्हणून प्रश्न वाईट ठरत नाही. मावशी 'हे पाप आहे' म्हणाल्या तर त्यांना सांग की इंजेक्शनही टोचतंच.

अर्धवट चाचणी म्हणजे कसलीच चाचणी नाही. मग माझ्याकडे दादाला सांगण्यासारखं एवढंच उरेल की तू मध्येच सोडलीस. का सोडलीस याचा अर्थ तो काय लावायचा तो लावेल.

ताई


४ मे

चिंगे,

तुझं पान मिळालं. दहापैकी चार वेळा 'चिंगी'. पाच वेळा 'ताई'. एकदा 'आई'.

मी ते दोनदा वाचलं. आकड्यांची बेरीज बरोबर आहे ना, ते बघायला. पाच वेळा ते 'ताई' नेमकं कसं म्हणाले, तू लिहिलेलं नाहीस. नुसतं 'ताई'? की 'ताई आली का'? चेहरा कसा होता? आनंद झाल्यासारखा, की दचकल्यासारखा? पुढच्या पत्रात लिही. निव्वळ नोंद पुरी व्हावी म्हणून.

आता निष्कर्ष. वाईट वाटून घेऊ नकोस, किंवा घे. दहा वेळा विचारलं तर निम्म्यापेक्षा जास्त वेळा बाबा तुला ओळखत नाहीत. तू दारात उभी असतेस आणि त्यांना दुसरीच कोणीतरी दिसते. म्हणजे त्या घरात तू आहेस म्हणून ते तग धरून आहेत, हा तुझा सगळा डोलारा ज्या खांबावर उभा आहे तो खांबच नाही. तुझ्या जागी कोणतीही बाई उभी राहिली तरी त्यांना फरक पडायचा नाही. हे मी म्हणत नाही, तुझं पान म्हणतंय. मोजलंस तू.

तू पान पाठवताना लिहिलंयस, 'ताई, ते तुझी वाट बघतात, एकदा येऊन जा.' हे मोजमाप नव्हे, हा तू लावलेला अर्थ. दोन्ही वेगळ्या जागी लिहायचे, हे फेब्रुवारीतच सांगितलं होतं.

शेवटचा जो अभ्यास पाठवलास तो मात्र चांगला आहे. हे मान्य करावं लागेल. मोठा नमुना, घरोघर जाऊन केलेलं काम, वर्षभराने परत जाऊन त्याच माणसांना परत बघितलेलं. घरातून हलवलेली माणसं लवकर खचली, हे त्यात स्पष्ट आहे. तुझ्या ग्रंथपालांना माझा नमस्कार सांग. माझ्या विद्यार्थ्यांना दोन दोन वर्षं असं काही सापडत नाही.

पण त्यातही फट आहे. मुळात जी माणसं जास्त खचलेली असतात त्यांनाच घरचे हलवतात. मग खचली ती हलवल्यामुळे, की खचली होती म्हणून हलवली? लेखकांनी हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलाय. बराचसा सोडवलाही आहे. पण बराचसा म्हणजे सगळा नव्हे.

दादाला मी आज लिहिलं. बाबा तिला ओळखत नाहीत, तिनेच तपासलं आहे. आणि घरी ठेवावं असं ठामपणे सांगणारं काही हाताशी नाही. या अभ्यासाचा उल्लेख केला नाही. टायरवाल्याला कारण आणि योगायोग यांतला फरक कोण समजावत बसणार? तो दोन ओळींपलीकडे वाचत नाही.

तू आता परत नोकरी बघ. शाळा जूनमध्ये सुरू होतात.

ताई


२ जुलै

चिंगे,

तीन पत्रांना उत्तर नाही. हरकत नाही, दादा कळवतो.

केंद्र चांगलं आहे असं तो म्हणतो. खोलीला दोन खिडक्या, भिंतीला धरायला दांडा, फरशी न घसरणारी. आपल्या न्हाणीघरात बाबा दोनदा पडले होते, ते तू मला कधी कळवलं नाहीस. दादाने कळवलं.

पहिले सहा आठवडे घरच्यांनी भेटायचं नाही, या नियमावर तू तिथल्या बाईंशी वाद घातलास म्हणे. 'या नियमाला संशोधनाचा आधार आहे का? नमुना काय होता?' असं विचारलंस. दादा मला हे सांगताना हसत होता, मला हसू आलं नाही. प्रश्न बरोबर आहे. आधार नाही, मी बघितलं. बहुतेक ठिकाणी तशी पद्धत आहे, एवढंच. माणूस नव्या जागी रुळावा म्हणून. पण नियम तो नियम, आणि चालवणारे आपण नव्हे.

तू रोज समोरच्या बसथांब्यावर उभी असतेस, हेही कळलं. वहिनीने दोनदा बघितलं. त्यांची खोली मागच्या बाजूला आहे, चिंगे. थांब्यावरून दिसते ती स्वयंपाकघराची भिंत. आणि कुठलीच बस पकडायची नसेल तर थांब्यावर उभं राहू नये. ड्रायव्हर उगाच गाडी थांबवतात, लोकांचा खोळंबा होतो.

ताई


२३ जुलै

चिंगे,

गेल्या आठवड्यात तिकडे येऊन गेले. तुला कळवलं नाही, दादाकडेही राहिले नाही. विद्यापीठाच्या पत्रावर केंद्राला भेट द्यायची परवानगी काढली होती, अभ्यासक म्हणून. त्यामुळे घरच्यांचा नियम मला लागू झाला नाही.

बाबा ठीक आहेत. दाढी केलेली होती. जेवण थोडं कमी आहे, थोडा खोकला आहे. खोली स्वच्छ आहे. वीस-पंचवीस मिनिटं बसले. विशेष काही नाही.

तुला अजून दोन आठवडे थांबायचंय. थांब. आणि छत्री घेऊन उभी राहत जा.

ताई


३० ऑगस्ट

चिंगी,

त्या दिवशी बाबांचं सगळं उरकून लोक पांगले तेव्हा मी तुझ्याशी बोलायला आले होते. तू चप्पल शोधत होतीस. मी तुझी चप्पल पायाने पुढे सरकवली, तू ती घातलीस आणि निघून गेलीस. कोणी सरकवली ते तू बघितलं नसावंस.

खोकल्याचं इतकं होईल असं केंद्रातही कोणाला वाटलं नव्हतं. नियम संपायला चार दिवस होते. तुला थेट दवाखान्यात नेलं तेव्हा ते शुद्धीत नव्हते, हे दादाने सांगितलं. तू नाडी धरून बसली होतीस, हेही.

दादा म्हणाला, तुला एकच विचारायचंय. मी केंद्रात भेटायला गेले तेव्हा बाबा काय बोलले. तू म्हणालीस म्हणे, 'तिला सांग, शब्द जसेच्या तसे हवेत. तिनेच शिकवलंय.'

ठीक. बाहेर आल्याबरोबर गाडीत बसून लिहून ठेवलं होतं, सवयीने. तेच खाली देते.

मी दारात उभी राहिले. बोलले नाही, हसले नाही. सोबतच्या परिचारिकेने विचारलं, 'बाबा, या कोण?' त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग उठून उभे राहायला लागले, कोणी बाहेरची बाई आली की उठायचे तसे. म्हणाले, 'या बाई, बसा. जनावर कुठाय?' मी म्हटलं, जनावर नाही आणलं. ते म्हणाले, 'मग?' मी म्हटलं, सहज आले. ते म्हणाले, 'तुम्ही इथल्याच ना? मग एक काम करा. चिंगीला निरोप द्या. म्हणावं, मी इथे आहे. ती बिचारी घरात मला शोधत असेल. प्रत्येक खोलीत बघत असेल.' मी म्हटलं, देते. त्यांनी विचारलं, 'नक्की?' मी म्हटलं, नक्की. मग त्यांनी माझी नाडी बघितली आणि म्हणाले, 'तुम्हाला विश्रांती हवी.'

एवढंच.

निरोप तेव्हा दिला नाही, कारण तेव्हा तुला आत सोडत नव्हते. दिला असता तर तू दार फोडलं असतंस. माझ्या मते तो निर्णय त्या वेळच्या माहितीवर योग्य होता.

तुझ्या पानावर पाच वेळा 'ताई' आहे. माझ्यासमोर एकदाही नाही. एका भेटीवरून काही ठरवायचं नसतं. तरी तू ते कसं म्हणाले होते ते कधी लिहिलं नाहीस. आता लिहिलंस तर बरं होईल.

ताई


११ सप्टेंबर

ताई,

तू विचारलंस ते लिहिते.

बाबा कधीच 'ताई' म्हणाले नाहीत. त्या दहा दिवसांत नाही, त्याआधीच्या तीन वर्षांतही नाही. दहाही वेळा ते 'चिंगी' म्हणाले. रडले त्या दिवशीसुद्धा आधी 'चिंगी' म्हणाले, मग परीक्षेचं विचारलं. कारण त्यांना कळेना, जे सगळ्यांना दिसतंय ते त्यांना रोज का विचारतायत.

मी पान लिहायला बसले तेव्हा वाटलं, दहापैकी दहा लिहिलं तर तू म्हणशील, चिंगी पक्षपाती आहे. आणि वाटलं, तुला राग येईल. लहानपणापासून तुला राग यायचा, बाबा मला आधी हाक मारायचे तेव्हा. म्हणून माझ्या पाच सकाळी मी तुला दिल्या. वाटलं, बाबा आपलं नाव घेतात म्हटल्यावर ताई विरघळेल, एकदा येऊन जाईल, आणि आल्यावर त्यांना बघून घरीच राहू दे म्हणेल. एक 'आई' टाकली ती खरं वाटावं म्हणून. तूच म्हणतेस ना, फार नीटनेटके आकडे आले की संशय घ्यावा.

तुला कळेल असं मला वाटत होतं. मी भीतच पान पाकिटात घातलं. तू जन्मभर हेच शिकवतेस, खरं काय आणि बनवलेलं काय ते ओळखायला. पण तू माझ्या सगळ्या कागदांत फटी काढल्यास आणि हा एकच जसाच्या तसा घेतलास. का घेतलास ते मला तुझं पत्र वाचून कळलं. 'नुसतं ताई, की ताई आली का' असं तू विचारलं होतंस ना, तेव्हा.

तेव्हाच तुला खरं सांगायला हवं होतं. पण तू दादाला त्याच दिवशी कळवून मोकळी झाली होतीस. मग मी दादाकडे गेले. सांगितलं की ते पान मी बनवलंय. तो म्हणाला, 'आता उलटं बोलतेस होय? ताई म्हणालीच होती, तू असं करशील.'

निरोप पोचला. मी प्रत्येक खोलीत खरंच बघत होते.

यापुढे पत्र पाठवू नकोस. घर बंद करून मी जाते आहे. दादालाही पत्ता दिलेला नाही.

चिंगी


६ ऑक्टोबर

चिंगी,

हे घरच्याच पत्त्यावर पाठवतेय. पोस्टमन फाटकात टाकून जाईल. जाऊ दे.

तुझ्या पत्रावर मी पहिल्यांदा विश्वास ठेवला नाही. एकच माणूस एकाच गोष्टीबद्दल दोन कहाण्या सांगतो, तेव्हा दुसरी खरी धरायला पहिलीपेक्षा जास्त कारण नसतं. तू दुःखात होतीस, चिडली होतीस, मला लागेल असं काहीतरी लिहायचं होतं. मग दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बघितली, जशी मी परीक्षेच्या वहीत दोन सारखी उत्तरं सापडली की बघते. कळेना. तीस वर्षं हे काम केलंय, आणि सख्ख्या बहिणीच्या अक्षरातलं मला कळेना. वर्गात गेले तर पोरं वह्या उघडून बसलेली. त्यांना म्हटलं, आज तास नाही.

त्या दहा सकाळी खोलीत तिसरं माणूस होतं. मावशी. दादाकडून त्यांचा पत्ता काढला. आता त्या एका आजारी बाईंकडे काम करतात, नव्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. सुट्टी टाकून गेले.

दार त्यांनीच उघडलं. हाताला साबण होता. माझ्या खांद्यावरची पिशवी आणि हातातली वही बघून म्हणाल्या, 'सर्वेला आलात का? गेल्याच महिन्यात येऊन गेले की.'

मी म्हटलं, 'तुम्ही आधी ज्या बाबांकडे होतात, जनावरांचे डॉक्टर, त्यांच्याबद्दल थोडं विचारायचंय.'

त्यांचा चेहरा उतरला. हात पदराला पुसत म्हणाल्या, 'गेले हो ते. चांगला माणूस. घरातून नेले आणि गेले.'

मी ओळख सांगितली नाही. सांगितली की माणसं समोरच्याला हवं तसं उत्तर देतात. विचारलं, 'सकाळी ते कोणाला काय हाक मारायचे, आठवतं का?'

'आठवतं की. मला सिस्टर म्हणायचे. कितीदा सांगितलं, मी सिस्टर नाही, अंघोळ घालायला येते. तरी सिस्टरच.' त्या हसल्या. 'आणि चिंगीला चिंगी.'

'नेहमी? कधी चुकायचे नाहीत?'

'तिच्या बाबतीत नाही. दादांना कधी कधी ड्रायव्हर समजायचे, दूधवाल्याला दादा समजायचे. तिला नाही. मध्ये एकदा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रोज सकाळी तिला दारात उभी करून मी विचारायचे, ही कोण. नको नको झालं मला ते. तेव्हासुद्धा रोज बरोबर सांगायचे.'

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. तू त्यांना असं सांगितलं होतंस.

मी वही मिटली. पोरांना मी एक गोष्ट कटाक्षाने सांगते, की उत्तर ज्यात लपलंय असा प्रश्न विचारायचा नाही. तोच विचारला. म्हटलं, 'आणि कधी ताई म्हणायचे का? झोपेत, तापात, कधीतरी?'

त्यांनी आठवून बघितलं. खरंच बघितलं, टाळायचं म्हणून नाही. डोळे बारीक करून, हात तसाच दाराच्या कडीवर ठेवून. आतून त्या आजारी बाईंनी हाक मारली तरी हलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, 'कोण ताई?'

मी त्यांचे आभार मानले आणि खाली आले.

ताई